पूरपट्ट्यातल्या गावांना होडीबरोबर पथकही हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून लागला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. पूरपूर्व तयारीची बैठक झाली, अमुक इतक्या बोटी सज्ज आहेत, इतकी लाइफ जॅकेटं आली, दोर आहेत, टॉर्च आहेत. यंदाही ती आली, सोबत कोऱ्या फायबर बोटीचा फोटो होता. बातमी मी नीट वाचून काढली. बोट चालवणार कोण, त्यानं शेवटचं वल्हं कधी मारलं, जॅकेटं लहान पोरांच्या मापाची आहेत का, यातलं काही त्यात नव्हतं. तेवढ्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, पण शक्य असेल तर कापू नका.

मी भिलवडीची, कृष्णाकाठची. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. २००५ चा पूर बघितला, २०१९ चा बघितला, २०२१ चाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, आमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरच्या गावात, माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली. होडीत माणसं जास्त झाली होती आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बायाबापड्या गेल्या, कडेवरची लेकरं गेली. त्या घरांचं दुःख मी पत्रात मांडू शकत नाही आणि मांडणारही नाही. पण ‘पुढं काय केलं?’ हे विचारायचा हक्क काठावरच्या प्रत्येकाला आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टअखेरीस मी लेकीकडे इंग्लंडात होते, लीड्स शहरात. ती तिथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. तिला सुट्टी मिळाली तो दिवस नेमका पावसाचा निघाला. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, ‘आई, इथं पाऊस बघून बेत मोडायचा तर वर्षभर घरातच बसावं लागेल.’ मग धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि लेक, जावई, नातू आणि मी असे निघालो. जायचं होतं व्हिटबीला. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं हे जुनं बंदराचं गाव. लीड्सहून दुमजली बस थेट तिथपर्यंत जाते, यॉर्क, माल्टन, पिकरिंग करत. पिकरिंग मागं पडलं की मैलोन्मैल उघडा माळ लागतो आणि ऑगस्टात त्यावर हेदरची जांभळी फुलं असतात. कास पठाराची आठवण झाली. पाऊस मात्र पूर्ण आडवा. बसच्या काचेवरचं पाणी खाली न ओघळता बाजूला पळत होतं.

व्हिटबीत एस्क नावाची नदी गावाचे दोन भाग करून समुद्राला मिळते. नदी आमच्या येरळेएवढी असेल. मधे फिरता पूल आहे, जहाज आलं की तो बाजूला होतो. पश्चिमेच्या कड्यावर कॅप्टन कुकचा पुतळा आहे. ज्या ‘एन्डेव्हर’ जहाजातून तो १७७० साली ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला पोचला, ते जहाज याच गावात बांधलेलं. पूर्वेच्या कड्यावर ६५७ साली स्थापन झालेल्या मठाच्या जागी आता पडक्या भिंती उभ्या आहेत. तिथं जायला दगडी पायऱ्या आहेत, १९९. झिजलेल्या, त्यावरून पाणी वाहत होतं. माझ्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. जावई नातवाला घेऊन वर गेले. लेक आणि मी पूल ओलांडून दुसऱ्या काठानं समुद्राकडे चालत राहिलो. वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. पाऊस वाढला तेव्हा समोर जे दार उघडं दिसलं त्यात शिरलो. ते लाइफबोटीचं, म्हणजे बुडणाऱ्यांना वाचवायला जाणाऱ्या होडीचं, संग्रहालय होतं.

आत मधोमध एक लाकडी होडी ठेवली आहे. नाव ‘रॉबर्ट अँड एलन रॉबसन’. लाइफबोटी चालवणाऱ्या तिथल्या संस्थेची वल्ह्यांवर चालणारी ही शेवटची लाइफबोट, १९५७ पर्यंत याच बंदरात कामावर होती. मी तिच्याभोवती फिरले. दोन्ही अंगांना बाहेरून दोर लावलेला, थोड्या थोड्या अंतरावर बांधून मधे सैल सोडलेला. लेकीला म्हटलं, हा कशासाठी असेल विचार. तिथं बसलेल्या वयस्कर स्वयंसेवकानं सांगितलं की पाण्यात पडलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी लागावं म्हणून. मला आमच्या होड्या आठवल्या. फायबरची बाजू गुळगुळीत, शेवाळ धरलं की आणखी निसरडी. बुडणाऱ्यानं धरायचं काय? चाळीस-पन्नास फूट दोर आणि दहा-बारा कड्या, एवढाच तर खर्च आहे.

बाजूच्या काचेच्या कपाटात जुनं जॅकेट होतं. जाड कापडावर बुचाच्या अरुंद पट्ट्या ओळीनं शिवलेल्या, छातीला एक ओळ, कमरेला एक. अगदी आमचा पांगाऱ्याचा बिंडा! आमच्या पिढीतली पोरं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका नाहीतर सुका भोपळा पाठीला बांधून कृष्णेत पोहायला शिकली. म्हणजे तरंगण्याचं हे शहाणपण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मात्र पोहायला शिकलं की बिंडा सुटतो, आणि पट्टीच्या पोहणाऱ्याला पुरातही तो बांधणं कमीपणाचं वाटतं. त्या कपाटाशेजारी लिहिलेली हकीकत नेमकी याबद्दलची होती.

९ फेब्रुवारी १८६१. उत्तर समुद्रात मोठं वादळ, किनाऱ्यावर जहाजांमागून जहाजं फुटत होती. व्हिटबीची लाइफबोट त्या दिवशी पाच वेळा बाहेर पडली आणि पाचही वेळा माणसं घेऊन परतली. सहाव्या खेपेला दोन लाटा एकमेकींवर आदळल्या आणि बोट उलटली. आत तेरा जण होते. धक्क्यावर गाव उभं होतं, सगळं डोळ्यांदेखत घडत होतं आणि कुणाला काही करता येत नव्हतं. बारा जण गेले. वाचला एकटा हेन्री फ्रीमन. वीटकाम करून मग मासेमारीकडे वळलेला माणूस, लाइफबोटीवरचा त्याचा तो पहिलाच दिवस. त्याच्या अंगात बुचाचं नव्या पद्धतीचं जॅकेट होतं, १८५४ साली वॉर्ड नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं तयार केलेलं. बाकीच्यांच्या अंगात ते नव्हतं.

लेक वाचून सांगत होती आणि मी मधेच तिला थांबवलं. ब्रह्मनाळ डोळ्यांपुढं आलं. ती गप्प झाली, तिलाही कळलं. २०१९ मध्ये ती लीड्सहून रोज फोन लावायची आणि इकडं टॉवर बंद असायचे.

फ्रीमन पुढं त्याच बंदराच्या बोटीचा प्रमुख झाला आणि वीस वर्षांहून जास्त काळ त्यानं ते काम केलं. तीनशेच्या वर माणसं वाचवली म्हणतात. त्याच्या काळातली १८८१ च्या जानेवारीतली एक गोष्ट तर आमच्या प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावी अशी आहे. सहा मैलांवरच्या रॉबिन हूड्स बे या गावासमोर ‘व्हिजिटर’ नावाचं जहाज बुडत होतं. समुद्र इतका खवळलेला की व्हिटबीहून पाण्यातून तिकडं जाणं अशक्य. मग बोट गाडीवर चढवली आणि बर्फातून, डोंगर चढून, जमिनीवरून ओढत नेली. सात-सात फूट बर्फ साचलेलं. दोनशेच्या आसपास माणसं आणि अठरा घोडे. पुढचे फावड्यानं बर्फ काढत होते, मागचे ओढत होते, आणि रॉबिन हूड्स बेकडूनही माणसं वाट मोकळी करत समोरून येत होती. जहाजावरचे सहाही जण वाचले.

‘ते श्रीमंत देशातले लोक, त्यांना जमतं’ हे वाक्य मी परत आल्यापासून पुष्कळांकडून ऐकलं. १८८१ मधला व्हिटबीचा मच्छीमार श्रीमंत नव्हता. त्याच्याकडे इंजिन नव्हतं, रस्ता नव्हता, सरकारी आदेश नव्हता. पण बोट कुणाची, माणसं कुठली आणि हुकूम कुणाचा हे आधीच ठरलेलं होतं. त्यामुळे ऐन वेळी भांडणात वेळ गेला नाही.

आणखी एका फलकापुढे मी बराच वेळ उभी राहिले. १९१४ च्या ३० ऑक्टोबरला ‘रोहिल्ला’ नावाचं इस्पितळ-जहाज गावाजवळच्या खडकावर आदळलं. रोहिल्ला म्हटलं की आपल्याला पानिपत आणि नजीबखान आठवणार. ‘ब्रिटिश इंडिया’ नावाच्या आगबोट कंपनीचं जहाज होतं, म्हणून नाव हिंदुस्थानातलं. जखमी सैनिक आणायला ते फ्रान्सकडे निघालं होतं. आत २२९ माणसं. किनारा डोळ्यांना दिसतोय आणि मधे उसळतं पाणी. गावकऱ्यांनी वल्ह्याची बोट आठ फुटी भिंतीवरून उचलून पलीकडे घातली, खडकांवरून ओढत नेली आणि दोन खेपांत ३५ जणांना आणलं. तेवढ्यात बोटच फुटली. कुणी पोहत किनाऱ्याकडे आलं, तर गावातले लोक एकमेकांचे हात धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांना ओढून घेत होते. शेवटचे ५० जण वाचले ते उत्तरेकडच्या टाइनमथहून रात्रभर प्रवास करून आलेल्या मोटारबोटीमुळे, तिसऱ्या दिवशी. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या घटनेनंतर वल्ह्यांवर भागणार नाही, मोटारबोटी हव्यात, हे तिथं सगळ्यांना पटलं.

आता ही व्यवस्था चालते कशी ते सांगते, कारण खरा मुद्दा तोच आहे. संस्थेचं नाव रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, स्थापना १८२४. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर त्यांची २३० हून जास्त केंद्रं आहेत आणि दोनशे वर्षांत त्यांनी १,४०,००० हून जास्त जीव वाचवले. हे सरकारी खातं नाही. बहुतेक सगळा पैसा लोकांच्या देणग्यांचा, त्यातला मोठा वाटा लोकांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलेला. बोटीवर जाणारी बहुतेक माणसं स्वयंसेवक: कुणी प्लंबर, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, बायकाही आहेत. कमरेला पेजर असतो. तो वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. सराव नियमित, संकट असो नसो. स्वयंसेवकाचा या कामात जीव गेला तर त्याच्या घरच्यांना आधार द्यायचा, हे स्थापनेच्या वेळच्या उद्दिष्टांतच आहे. आणि ही संस्था फक्त समुद्रापुरती नाही. २००९ साली कॉकरमथ या नदीकाठच्या गावात पूर आला, तेव्हा त्यांचं पूर पथक तिथं गेलं होतं.

संग्रहालयातून बाहेर पडलो तर पाऊस तसाच. जेवायला एका मासे आणि बटाट्याच्या काचऱ्या मिळणाऱ्या दुकानात गेलो. गल्ल्यावर बोटीच्या आकाराचा पैशांचा डबा होता. माझ्यापुढच्या बाईनं उरलेली मोड त्यात टाकली. विचार केला नाही, कुणाकडे बघितलं नाही, आपण देवळातून निघताना पेटीत टाकतो तसं. खिडकीतून बंदर दिसत होतं. जेवता जेवता निळ्या-केशरी रंगाची लाइफबोट धक्क्यामधून बाहेर जाताना दिसली, वर पिवळ्या पोशाखातली माणसं. मी घाबरले, म्हटलं कुणी बुडालं की काय. वाढणाऱ्या मुलीनं सांगितलं, नाही, सराव आहे. एवढ्या पावसात? लेकीनं तिला विचारलंही. पाऊस असतानाच करायला हवा ना, म्हणाली.

संपादक महाशय, हे वाक्य मी भिलवडीला घेऊन आले आहे.

आमच्याकडे काय नाही? नदी ओळखणारी माणसं आहेत. अंबी समाजाच्या कितीतरी पिढ्या या पाण्यावर गेल्या. २०१९ मध्ये आमच्या गल्लीत पहिली होडी आली ती सरकारी नव्हती. ती आणली माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या पोरांनी. मी त्यांना पाढ्यांसाठी रागवायची, आणि त्यांनी माझ्या सासूबाईंना माडीच्या खिडकीतून उचलून खाली घेतलं. खालच्या आळीत गुऱ्हाळाची काहील सोडून तिच्यातून म्हातारी माणसं काढली. पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, तेव्हा काठावर उभं राहायला जागा मिळत नाही. एका तालात पडणारी वल्ही बघितली की वाटतं, असे वल्हेकरी आणखी कुठं मिळणार? पण शर्यत संपली की ढाल घेऊन संघ घरी जातो आणि पूर आला की प्रत्येक जण आपापल्या परीनं धावतो. या पोरांची कुठं नोंद नाही, त्यांना विमा नाही, त्यांच्या हाती नीट जॅकेट नाही.

राष्ट्रीय आपत्ती दलाच्या जवानांबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांनी आणि नौदलाच्या माणसांनी २०१९ मध्ये जे केलं ते सांगली जिल्हा विसरणार नाही. पण त्यांचा तळ पुण्याजवळ, म्हणजे आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गच कोल्हापूरजवळ बंद पडला होता. पहिले काही तास गावाचे स्वतःचेच असतात. बाहेरून आलेल्या जवानांना आमची नदीकाठची मळी कुठं संपते, पाण्याखाली विहीर कुठं आहे, विजेची तार कुठं लोंबते, हे माहीत असण्याचं कारण नाही. उसाच्या फडावरून बोट नेली तर शेंडे पंख्यात अडकून इंजिन बंद पडतं, हे आमच्या पोराला न सांगता कळतं.

म्हणून माझी मागणी बोटीची नाही, पथकाची आहे. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गावात नावानिशी ठरलेलं पथक असावं, पोरी धरून. नावं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावीत. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला सराव व्हावा, पाऊस पडत असताना व्हावा. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळतं, ते या पोरांना मिळवून द्यावं. शर्यतीच्या संयोजकांना विनंती आहे की ढाल देण्याआधी प्रत्येक संघाकडून पाण्यात पडलेल्या माणसाला होडीत घेण्याचं प्रात्यक्षिक करून घ्यावं.

होडीवर हुकूम एकाचाच चालावा, सुकाणू धरणाऱ्याचा. लिहायला हे सोपं आहे, करायला फार अवघड. पाणी उंबऱ्याला लागलेलं असतं, होडीत आणखी दोघांची जागा असते आणि काठावर आठ जण उभे असतात. त्यात त्याची आत्या असते, शेजारी असतो, कुणी पुढारी असतो. ‘तू थांब’ म्हणायला जीभ उचलत नाही. लोक होडीत का घुसतात? होडी परत येईल याची खात्री नसते म्हणून. तेव्हा दोन होड्या हव्यात आणि चिठ्ठ्या हव्यात. पहिली खेप कुणाची, दुसरी कुणाची हे पाणी ३५ फुटांवर असतानाच ठरलेलं असावं: लहान मुलं, बाळंतिणी, आजारी माणसं आधी. चिठ्ठी हातात असली की माणूस थांबतो. रेशनच्या रांगेत थांबतो, तर इथंही थांबेल. होडीत किती माणसं बसणार तो आकडा बाहेरून हातभर उंचीच्या अक्षरात रंगवावा, म्हणजे नाही म्हणायचं काम त्या पोराच्या एकट्याच्या तोंडावर पडणार नाही. आणि जनावरांची सोय आधी झाली पाहिजे. आमच्याकडे माणूस घरासाठी मागं राहत नाही, दावणीच्या म्हशीसाठी राहतो. चारा आणि छप्पर वरच्या अंगाला तयार असेल तर तो ४० फुटांनाच गाव सोडेल आणि होडीची वेळच येणार नाही.

जॅकेटांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. एका गावात मी ती बघितली आहेत. पोत्यात बांधून खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेली, उंदरांनी पट्टे कुरतडलेले, सगळी एका मापाची. मोठ्या मापाचं जॅकेट लहान पोराच्या अंगात राहत नाही. पाण्यात पडलं की जॅकेट वर जातं आणि पोर खाली सरकतं. त्यासाठी पायांमधून घ्यायचा पट्टा लागतो. व्हिटबीच्या त्या स्वयंसेवकानं मला आताच्या पद्धतीचं जॅकेट अंगात घालून दाखवलं. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते, म्हणून पट्टा सहज लागला. तेव्हाच मनात आलं की आमच्या बायकांचं कसं होणार? नऊवारीला काष्टा असतो, तिला अडचण नाही. पण सहावारी नेसलेल्या बाईला पट्टा लावायचा तर साडी वर घ्यावी लागणार, आणि चार पुरुषांसमोर ती ते करणार नाही. जॅकेट नुसतं खांद्यावर अडकवून बसेल. पथकात बाया-पोरी हव्यात त्या यासाठी. पंधरा मिनिटं आधी, घराच्या आत, बाईनं बाईला जॅकेट नीट घालून द्यायचं. बचत गटांच्या बैठकीत याचा एकदा सराव झाला तर पुरेल. कुठल्याही सरकारी पत्रकात हे येणार नाही, कारण ते लिहिणाऱ्यानं साडी नेसून होडीत पाय ठेवलेला नाही.

पैशाचं म्हणाल तर आपला जिल्हा वर्गणीत कुणाला हार जाणारा नाही. गणपती, भंडारा, कुस्तीचं मैदान, सगळं वर्गणीवर उभं राहतं. देवळाच्या फरशीवर देणगीदाराचं नाव कोरतात, तसं होडीवर रंगवा. ‘रॉबर्ट अँड एलन रॉबसन’ हीसुद्धा नावंच आहेत. आईवडिलांच्या स्मरणार्थ होडी, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला दोन लहान मापाची जॅकेटं, असं द्यायला माणसं पुढं येतील. साखर कारखान्यांनी पथकातल्या पोरांचा विमा उतरवावा. ऊस ज्या काठावर पिकतो त्याच काठावरची ही पोरं आहेत.

आता आपल्या दैनिकाला एक विनंती. पुढच्या जूनची वाट न बघता कृष्णा, वारणा आणि येरळाकाठच्या गावांचा तक्ता छापावा. गावाचं नाव, चालू स्थितीतल्या होड्या किती, सुकाणू कोण धरणार, वल्हेकरी किती, मोठी जॅकेटं किती, लहान किती, शेवटचा सराव कोणत्या तारखेला. जिथं माहिती मिळाली नाही तिथला रकाना कोरा छापावा, म्हणजे त्या गावचे लोकच विचारायला लागतील. दर पंधरा दिवसांनी तो तक्ता पुन्हा यावा. भिलवडीचा तक्ता भरून पाठवायची जबाबदारी मी घेते. पोरांची नावं गोळा करायला सुरुवात केली आहे. दोन आळ्यांची झाली, उरलेल्यांची येत्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात घेणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली